उसवलेली बाही

समोरच्या शिलाईच्या दुकानात आज पुन्हा एक नवी बाई मशीनवर बसली आहे. काम मागायला आली, तर मालक म्हणाला, "आधी एक ब्लाउज शिवून दाखव." मी ओट्यावर बसून बघतोय. मला बसवत नाही.

माझी बायको शांता जाऊन सहा महिने झाले. तिनंही एका दुकानात अशीच परीक्षा दिली होती. मी दाराशी उभा होतो. मालकानं ब्लाउज उलटसुलट बघितला, "हात चांगला आहे, कळवतो" म्हणाला आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातला. शांतानं तो परत काढला, ब्लेड घेतलं आणि बाही उसवायला लागली.

"अहो बाई, हे काय?"

"कापड तुमचं, ते ठेवा. टाके माझे होते."

घरी येईपर्यंत मी तिच्यावर ओरडत होतो, आलेलं काम घालवलंस म्हणून. ती एवढंच म्हणाली, "हात बघायचा तर चिंधीवर बघावा."

मी चौथी शिकलेला माणूस. कसब दाखवण्यात कमीपणा नाही, हे मलाही कळतं. पण परीक्षा कुठं संपते आणि फुकटची राबणूक कुठं सुरू होते, ते तिला तेव्हाच दिसलं. बरोबर केलंस, एवढं म्हणायचं माझं राहून गेलं.

शेवटी उठलो, रस्ता ओलांडला आणि त्या बाईला म्हणालो, "ब्लाउज नको शिवू. चिंधी माग."

तिनं मान वर केली नाही. "बाबा, मला काम पाहिजे हो."

त्या दिवशी मीही हेच ओरडत होतो.