विमान दिगंबरनं भिजवलं नव्हतं

ही गोष्ट सांगणं मी बारा वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर चष्मा पुसत बसायचो. गेल्या महिन्यात एका सकाळी लातूरहून दिगंबरच्या मुलाचा, संजयचा फोन आला, "काका, बाबा गेले." नांदेडच्या घरात मी होतो तिथंच खुर्चीवर बसलो, आणि लिहायला लाज वाटते, पण दुःखाच्या आधी मनात आलं... आता हे त्याला कधीच कळणार नाही.

दिगंबर आणि मी मुदखेडच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी हवाई दलात विमानदुरुस्तीला लागलो, तो लातूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवू लागला. सुट्ट्यांमध्ये त्यानं विमान चालवायचा परवानाही काढला. निवृत्तीनंतर मुरुडचं शेत विकून त्यानं एक जुनं विमान घ्यायचं ठरवलं. हलकं, सहा जणांचं, दोन इंजिनांचं, वयानं आमच्याहून थोडंच लहान.

"दोन इंजिनं कशाला रे?" मी विचारलं.

"एक रुसलं तर दुसरं घरी आणून सोडतंय की. एका बायकोवाल्याला न्हाई कळायचं."

"तुला किती हायत?"

"हळू बोल फौजी, ती ऐकून राहिली."

विमान परराज्यातल्या, बंद पडत आलेल्या एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये होतं. कागद व्यवस्थित होते. पण दिगंबर म्हणाला, "कागद राहू दे. तू हाव म्हणशील तरच घेणार." मी दिवसभर तपासलं. दोन्ही इंजिनं चालवून पाहिली, चाकं पाहिली, केबल ओढून पाहिल्या. उरली ती पंख धडाला मिळतो तिथली, खालच्या अंगाची तीन झाकणं. त्यांच्या आत पंखाचा कणा असतो. जुन्या विमानात सगळ्यात आधी तोच बघायचा असतो. स्क्रूंवर रंगाचे थर चढले होते, एकही हलेना. कापून काढायचे तर आणखी दोन तास गेले असते. इकडे वहिनी, म्हणजे दिगंबरची बायको, ताट घेऊन उभ्या. नव्या ट्रॅक्टरला करतात तशी सगळी तयारी होती. चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती, ताटात हळद-कुंकू आणि नारळ होता. मुहूर्त साडेचारपर्यंतच होता. "भाऊजी, वेळ चालली," त्या म्हणाल्या. दिगंबर नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी फडक्याला हात पुसले आणि म्हणालो, "हाव. घे."

नारळ फुटला.

विमान लातूरला सुखरूप आलं आणि परवानग्यांची वाट बघत सगळा पावसाळा धावपट्टीच्या कडेला उघड्यावर उभं राहिलं. दसऱ्याच्या आधी मी ते स्क्रू कापले. झाकण निघालं तशी पांढरी भुकटी माझ्या मनगटावर सांडली. अल्युमिनियम सडलं की अशी भुकटी होते. कण्याचे पापुद्रे सुटले होते, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर आत गेलं. हे विमान पुन्हा उडणार नव्हतं. आणि असं सडायला चार महिने पुरत नाहीत, पंधरा-वीस वर्षं लागतात, हेही मला बघताक्षणी कळलं. दिगंबर टॉर्च धरून शेजारी वाकला होता. "काय झालं रे?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "पावसात उघडं ठेवलंस. झाकायचं होतंस."

त्यानं टॉर्च बंद केला. "चुकलंच माझं," म्हणाला.

पुढे घरात त्याची थट्टाच झाली. दिगंबर छत्री विसरला की संजय म्हणायचा, "ज्यांनी विमान भिजवलं त्यांना छत्रीचं काय!" तोही हसायचा. पंख उतरवून विमान त्यानं घरामागच्या प्लॉटवर आणून ठेवलं, आणि जाड कॅनव्हास घेऊन दाभण-सुतळीनं स्वतः त्याला झूल शिवली. दर रविवारी तो तिच्या गाठी ओढून बघायचा. मी गेलो असलो की दुसऱ्या बाजूच्या गाठी मी ओढायचो.

तो जायच्या पंधरा दिवस आधी मी लातूरला गेलो, ते सांगायलाच. बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत वाक्यं पाठ केली. त्याच्या पलंगाशी बसलो. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच माझा हात धरला. "फौजी, तू इतकं पारखून दिलंस अन् मी मातीत घातलं. तुला तोंड दाखवायची लाज वाटायची. माफ कर मला."

मी म्हणालो, "जाऊ दे रे."

तेराव्याला वहिनींनी त्याचं दाभण माझ्या हातात ठेवलं. "गाठी आता तुम्हीच बघा, भाऊजी." आत संजय पाहुण्यांना छत्रीची गोष्ट सांगत होता, आणि पाहुणे हसत होते. वहिनी, संजय, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते, म्हणून इथं लिहितो. विमान त्यानं भिजवलं नव्हतं. ते आलं तेव्हाच आतून गेलेलं होतं, आणि ते न बघता मी हो म्हणालो होतो.

गेल्या रविवारी मी प्लॉटवर गेलो. सगळ्या गाठी घट्ट होत्या, त्याच्याच हातच्या. कॅनव्हासवर हात ठेवून मी बसमधली वाक्यं मोठ्यानं म्हणायला लागलो. "दिगंबर, विमान आधीच सडलेलं होतं. मी झाकणं उघडली नव्हती..." पुढचे माफीचे शब्द माझ्या तोंडून निघेनात. ते माझ्याआधी तोच म्हणून गेला होता.