खालच्या आवाजातली हाक

जानेवारीतल्या एका सकाळी, भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या आमच्या घरी, माझ्या वडिलांनी मला हाक मारली. मी ती ऐकली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी दैनिकात उपसंपादक आहे. घटना केव्हा घडली हे पक्कं झाल्याशिवाय ओळ पुढे सोडत नाही. आणि या एका घटनेची वेळ... थांबा, आधीचं सांगतो.

सकाळी ध्यानाला बसायचं मी अनेकदा ठरवलं आणि अनेकदा मोडलं. बाबांना तेवढंच पुरे.

"डोळे मिटून काय करून राहिला बे? झोपाचं हाय त पलंगावर झोप ना."

"बोलू नका बाबा, हिमालयात जातील ते," बायको म्हणायची.

"हिमालयात? ह्याले बाजूच्या दुर्गले जायले ऑटो लागते!"

आणि नेम मोडला की, "सुटलं का भूत? मले मालूम होतं."

त्या हिवाळ्यात मात्र मोडला नाही. रीत साधी होती. दार लावायचं, पाठ ताठ ठेवायची, श्वासाकडे लक्ष द्यायचं. बाहेरून काही ऐकू आलं तर मनात फक्त म्हणायचं 'आवाज', आणि पुन्हा श्वासावर यायचं. गजर होईपर्यंत उठायचं नाही.

बाबांची सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलच्या गोंगाटात झाली. कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून ते ओरडूनच बोलायचे. त्यांची हाक पार कुरुद गावापर्यंत ऐकू जाते, असं आम्ही म्हणायचो. चष्मा सापडेना, "सुध्याऽऽ!" टीव्ही लागेना, "सुध्याऽऽ!" मी मनात म्हणायचो 'आवाज', आणि बसून राहायचो. चष्मा नंतर सापडायचाच.

त्या दिवशी बायको लग्नासाठी गोंदियाला गेली होती. बाबा उठले, खाकरले, नळ सोडला, खोलीत परतले. हे सगळं मला ऐकू आलं. मग हाक आली.

"सुधाकर."

सुध्या नाही. आणि खालच्या आवाजात. या माणसाला खालच्या आवाजात बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ही हाक चष्म्याची नाही, हे मला कळलं नाही का? कळलं. लगेच कळलं.

मी मनात म्हटलं, 'आवाज'.

श्वास काही सापडला नाही. तरी उठलो नाही. कशासाठी? दार उघडलं की ते म्हणतील, सुटलं का भूत. एवढ्यासाठी.

गजर झाल्यावर गेलो. बाबा पलंगावर एका अंगाला कलंडले होते. तोंड वाकडं झालं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न वेळेचा विचारला. "कब से है ये? सही टाइम बताइए." मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं, त्या म्हणाल्या, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. सुरुवात कधी झाली हे माहीत नसेल, तर शेवटचं धडधाकट कधी पाहिलं तिथून मोजावं लागतं.

वेळ मला माहीत होती. तास तर दूरच, त्या हाकेला तेव्हा फार वेळ झालेलाही नव्हता.

मी म्हणालो, "पता नहीं. मैं ध्यान में था, कुछ सुनाई नहीं दिया."

त्यांनी आदल्या रात्रीपासून मोजलं. इंजेक्शन दिलं नाही. दिलं असतं तर बाबा बोलले असते का? डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. त्या पुढच्या रुग्णाकडे वळेपर्यंत मला खरं सांगता आलं असतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा राहिलो.

बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "इतके खोल गेले होते, की वडलांची हाक आली असती तरी समजली नसती." तिला वाटायचं, ती माझी बाजू घेते आहे. मोहन नगरातून दोघे-तिघे रीत विचारायला आले. मी सांगितली. 'आवाज'सकट.

नेम चालू राहिला. आता मोडला तर लोक विचारतील, कावून सोडलं? सकाळी बायको बाबांना चाकांच्या खुर्चीत बसवून माझ्या खोलीत आणून ठेवायची. त्यांना तेवढीच सोबत, म्हणायची. ते माझ्याकडे पाहत बसायचे. मी डोळे मिटून घ्यायचो.

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. एकही शब्द बोलले नाहीत. त्यांचा शेवटचा शब्द माझं नाव होतं.