त्यांची माणसं

दंगल शमल्यावर खिडकी उघडली, तर समोरच्या जळालेल्या घरात आमचे शेजारी थॉमसकाका फुटकी कौलं वेचत होते. काका क्वेकर या युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. तरुणपणी विलायतेत त्यांनी बंदूक हाती घ्यायला नकार दिला, युद्धभर जखमी माणसं वाहिली आणि युद्ध संपल्यावर शत्रूच्याच उद्ध्वस्त गावात घरं उभारायला गेले. ही हकिकत आमची सगळी इमारत पाहुण्यांना कौतुकानं ऐकवते.

"काका, तुम्ही कशाला? त्यांची माणसं करतील ना," वरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणालं.

काकांनी वर पाहिलं. "त्यांची म्हणजे कोणाची?" त्यांनी खरोखरच न कळून विचारावं तसं विचारलं.

मी खाली उतरले आणि काकांबरोबर जळकं आढं उचलू लागले. ते हातातून निसटलं.

ते घर रशीदाभाभींचं. त्या अंगणात बसून होत्या. घर पेटलं तेव्हा आमच्या इमारतीतलं एकही दार उघडलं नव्हतं. त्या लगबगीनं उठल्या, शेजारच्या नळावरून तांब्या भरून आणला आणि माझ्या काळ्या हातांवर पाणी घातलं.

"कुठं लागलं तर नाही ना, ताई?"

मला मान वर करता येईना.