टबातले चरे

पाण्याच्या मोर्चाचं सांगायला समोरच्या इमारतीतल्या काकूंकडे गेलो, तर त्या बाथटबचा निस्तेज तळ ओल्या पॉलिश पेपरने घासत बसलेल्या.

"एवढे चरे कशाने पडले, काकू?"

"बादल्यांनी रे! उन्हाळाभर टबातच पाणी साठवलं ना."

"मग उद्या मोर्चाला या. आमच्या चाळीचे नळ अजून कोरडेच आहेत."

"छे! आम्हाला येतंय आता पाणी."

पॉलिश लावून त्यांनी फडकं फिरवलं. टब लखलखला, आणि माझं डोकं फिरलं. तहान भागली की ही माणसं आधी तहानेच्या खुणा घासून काढतात, वर त्यालाच स्वच्छता म्हणतात!

कोपऱ्यात त्यातलीच एक रिकामी बादली होती.

"निदान ही तरी द्या मोर्चाला."

"ने. पण परत आण हं, उन्हाळ्यात लागेल."