जुबेदाभाभीनं गुंडाळलेला आऊटपुट

भोर-वेल्ह्यात माझ्या तोडीचा बेंजोवाला दुसरा न्हाई. एक व्हता वेल्ह्याकडं, पर माझं ऐकून त्यानं बेंजोच इकला. म्हणला, लोकं ह्याला बेंजो समजायला लागली तर आपलं अवघड हाय. तर माझं सोडा. सांगायचंय ते जुबेदाभाभीचं. भाभी आता न्हाईत आन त्यांचं सांगायला मी उरलोय, ह्यात त्यांचं नशीब किती खोटं ते बघा.

आमच्या बेंजो पार्टीत बेंजो तेवढा माझा, बाकी समदं बबननानांचं. टेम्पो त्यांचा, ढोल त्यांचे, आन टेम्पोत गादीवर नवरीगत बसवलेला आंप्लीबी त्यांचा. तो वाल्व्हचा. इलायती गिटारीसाठी केलेला, नानांनी पुण्याच्या जुन्या बाजारातनं उचललेला. चालू केला की आतल्या काचंच्या नळ्या हळूहळू निखाऱ्यागत लाल व्हायच्या, मग आवाज यायचा. पर असा गोड, की माझ्या हातचा बेंजोबी लोकं उभं राहून ऐकायची.

तो आंप्ली जाळला म्याच. नसरापूरच्या एका वरातीत टेम्पोवर वाजवता वाजवता नाचायला गेलो, आन पायात अडकून स्पीकरची वायर निघाली. समदी वरात गप झाली. मला वाटलं, रंगली. डोळं मिटून आणखी जोरात वाजवलं. नाना खालनं दोन्ही हात हालवत व्हते, म्या म्हणलं दाद देत्यात. वाल्व्ह आन स्पीकरच्या मधी तारांचा एक गठ्ठा असतो, त्याला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणत्यात. स्पीकर नसताना जोरात वाजवलं की तो जळतो. ही इद्या मला धूर निघाल्यावर मिळाली.

नाना म्हणले, "शंकऱ्या, वरव्याची जत्रा तोंडावर आलीया. तवर आंप्ली पयल्यासारखा बोलला तर तू टेम्पोवर. न्हाईतर तुझा बेंजो खुंटीला आन कीबोर्डवालं पोरगं टेम्पोवर."

त्या वक्ताला कीबोर्ड नवीन व्हता. एकटं पोरगं त्यातनं सनईबी काढायचं आन ढोलबी. माझ्यातनं बेंजोच कसाबसा निघायचा. माझी झोप उडाली.

नानांनी पुण्यावरनं तयार आऊटपुट आणला. दुकानदार म्हणला, जुन्याची हुबेहूब नक्कल हाय. व्हतीच, रंगानं. वाजवला तर पत्र्याच्या डब्यात वाटाणं टाकून हालवल्यागत आवाज. मग मी मुंबईला गेलो, तिथनं दुसरा आणला. हा चांगला जड. येष्टीत मांडीवर तान्ह्या लेकरागत घेऊन आलो. वाजवला तर बेंजो गोधडी पांघरून बोलतोय. नाना म्हणले, "म्हस रवंथ करतीया का रं?" पर आणलेला म्या! म्या म्हणलं, "नाना, ह्योच खरा. तुमच्या कानाला सवय न्हाई."

नानांनी जळका, पुण्याचा आन मुंबैचा, तिन्ही आऊटपुट रुमालात बांधले, आंप्ली टेम्पोत घातला आन मला घेऊन भोरात जुबेदाभाभीच्या दारात गेले.

भाभीचं मालक करीमभाई, हिरीवरच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. त्यांची नजर गेली तवा भाभीनं काम हातात घेतलं. हातानं फिरवायची शिलाई मशीन मोडून तिच्याच चाकावर तार गुंडाळायच्या. शंभर येढं झालं की वाटीत एक चिंचोका टाकायचा. त्या गुंडाळत असताना कुणीबी येऊ दे, सरपंच येऊ दे, भाभी डावं बोट वर करायच्या. म्हंजी गप. कुणी बोललंच तर म्हणायच्या, "आकडा पळाला. आता बस, धर तार." मग त्या माणसाला अर्धा दीस रीळ धरून बसवायच्या. गावात त्यांच्याकडं हळू बोलायची पद्धत त्यातनंच पडली. मी पयल्या दिवशीच "सलाम भाभी" म्हणालो आन ऊन उतरंपर्यंत तार धरली.

जळका गठ्ठा त्यांनी आधी उकलला. एकेक पदर काढून फरशीवर मांडला, आन मला जवळ बोलावलं.

"काय दिसतंय?"

"जळलंय."

"ते आंधळ्यालाबी वासावरनं कळंल. पदर बघ. बारीक तार, मग जाड, परत बारीक, परत जाड. मधी कागद. घडीची पोळी हाय ही. तुझ्या मुंबैवाल्यानं काय केलंय, दोन भाकरी एकावर एक ठिवल्यात. वजन भरलं, पर पदर कुठं सुटायचे?"

मग चार दिवस त्यांनी गुंडाळलं. नाना सांजच्याला येऊन घाई करायचे. भाभी म्हणायच्या, "घाईची तार आन घाईची सोयरीक, दोन्ही मधीच तुटत्यात." गुंडाळून झालं, वार्निस दिलं, आन सुकायला चुलीच्या वैलावर ठिवलं. शेजारच्या तव्यावर भाकरी. त्या दिवशीची भाकरी म्या खाल्ली हाय. आजबी ढेकर आला की चकाकतो.

आऊटपुट आंप्लीत बसला. पर मी कुठला ऐकतोय! म्हणलं, "भाभी, तुमची मेहनत मान्य. पर मुंबैचा तो मुंबैचा. मला कान हाय."

भाभी म्हणल्या, "हाय का? मग फडकं बांधते डोळ्याला. तिन्ही लावते एकामागं एक. तू वाजव, आन कुठला कुणाचा ते सांग."

नाना वट्यावर बसले. मी फडकं बांधून बेंजो मांडीवर घेतला. पाठीमागं पान्याची खुटखुट झाली. वाजवलं. म्या तोंड वाकडं केलं. "ह्यो पुण्याचा. वाटाणं."

परत खुटखुट. वाजवलं. "ह्यो तुमचा, भाभी. बरा हाय. जरा घरगुती वाटतोय."

परत खुटखुट. वाजवलं, आन माझं मलाच भरून आलं. "आहाहा! ह्यो! ह्यो मुंबैचा! नाना, आता तरी पटलं का?"

फडकं काढून बघतो तर नाना वट्यावर आडवं पडून पोट धरून हासत्यात. आन पुण्याचा, मुंबैचा दोन्ही आऊटपुट माझ्या म्होरं फरशीवर, भाभीनं ठिवले तसेच.

भाभी म्हणल्या, "येडा का खुळा तू? आऊटपुट बदलायचा म्हंजी समद्या तारा सोडवायच्या, परत कथील वितळवून डाग द्यायचा. खुटखुट केली की बदलला का? कान न्हाई ते ठाऊक व्हतं. डागाचा धूर यायला नको? नाक तरी हाय का तुला?"

जत्रंत आंप्ली असा बोलला की ढोलाच्या दणक्यातबी बेंजोची एकेक तार निराळी ऐकू आली. इतकी साफ, की माझ्या चुका पार शेवटच्या पाळण्यापतुर गेल्या. नानांनी मला टेम्पोवर ठिवलं. म्हणले, "हासायला कुणीतरी पायजे."

बऱ्याच वर्सांनी पुण्यावरनं एक गिटारवालं पोरगं आंप्ली इकत घ्यायचा म्हणून बघायला आलं. असल्या जुन्या आंप्लीचं त्याला लई येड. टॉर्च लावून आत बघितलं, मला वाजवायला लावलं. म्या चांगलं एक गाणं पुरं वाजवलं. पोरगं डोळं मिटून ऐकत व्हतं. शेवटाला म्हणलं, "ह्याचा आऊटपुट मूळचाच आहे. बदललेल्याला असा आवाज येतच नाही."

नानांनी आंप्ली इकला न्हाई. मी मातर तडक भोरला पळालो. भाभी थकल्या व्हत्या, हात कापायचे, मशीन कवाच बंद. वट्यावर तांदूळ निवडत बसल्या व्हत्या. म्या धापा टाकत समदं सांगितलं. पोरगं कसं आलं, कसं डोळं मिटून ऐकलं, काय म्हणलं.

भाभीनं डावं बोट वर केलं. मी गप. हातातला खडा त्यांनी बाजूला टाकला.

"आऊटपुटची तारीफ केली म्हण की."

"लई केली, भाभी!"

"आन तुझ्या वाजवण्याला काय म्हणला?"

"त्याला? त्याला काय न्हाई म्हणला."

"मग पोरगं खरंच जाणकार हाय."