सरकार बदलेपर्यंत हापूस नाही

आमचे बाबा मूळचे कोकणातले. हट्टही कोकणातला आणि हापूसवरचा जीवही. ज्या वर्षी त्यांचा पक्ष लोकसभेला आपटला, त्या संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘हे सरकार जाईपर्यंत मी आंब्याला शिवणार नाही!’ मे महिना होता. गावाहून आलेली पेटी नुकतीच उघडलेली. अरे, सोडायचंच होतं तर कारलं सोडायचं ना!

आई म्हणाली, ‘हे खात नाहीत, तर माझ्या घशाखाली कसा उतरेल?’ झालं! त्या दिवसापासून आम्ही भावंडं स्वयंपाकघरात पाठमोरी बसून आंबे खायला लागलो. पाच वर्षांनी पुन्हा तेच सरकार आलं. तेव्हा बाबा टीव्हीकडे कमी आणि पेटीकडे जास्त बघत होते. आईने मुकाट्याने पेटी आतल्या खोलीत नेली. आणि तिला आंबा किती प्रिय! लग्नाआधी म्हणे मे महिनाभर ती जेवायचीच नाही, नुसती आंब्यावर असायची.

मग एका उन्हाळ्यात मी कामासाठी ठाण्याला गेलेले. तिथे कोपरी भागात फळवाल्याच्या गाडीपाशी बाबा दिसले. शर्टावर रस सांडू नये म्हणून कमरेत वाकून, डोळे मिटून आंबा चोखत होते. माझं डोकंच फिरलं. त्यांनी खाल्ला याचा राग नव्हता हो, पण माझी आई सात वर्षं बाठ्यालाही शिवली नव्हती! तिला कळलं तर काय वाटेल, या भीतीने मी पुढची तीन वर्षं गप्प बसले.

अखेर सरकार बदललं. दुपारपर्यंत निकाल स्पष्ट झाला आणि अख्खी बिल्डिंग आमच्या घरात लोटली. बाबा मधोमध बसलेले. कोणीतरी म्हणालं, ‘काका, याला म्हणतात शब्द!’ ते ऐकून माझा ताबा सुटला. मी तरातरा आत गेले. आई फोडी करत होती.

‘आई, मी आता सगळ्यांना सांगणार आहे. बाबा कोपरीत...’

‘आंबे खातात,’ आई म्हणाली. सुरी थांबली नाही. ‘त्यांचे रुमाल कोण धुतं? पहिल्याच वर्षी कळलं मला. आंब्याचा डाग जातो होय?’

‘मग तू का नाही खाल्लास?’

‘अगं, चारचौघांत शब्द दिलेला. घरातल्या एकाने तरी पाळायला नको?’

मला रडूच फुटलं. ‘रडतेस काय, ताटल्या ने बाहेर,’ ती म्हणाली.

बाहेर बाबांनी पहिली फोड तोंडात टाकली आणि बोलून गेले, ‘वा! गेल्या वर्षीपेक्षा गोड आहे!’

फोडींकडे गेलेले हात तिथेच थांबले. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. ‘गेल्या वर्षीचा आंबट निघाला, असं ही मुलंच सांगत होती ना यांना,’ ती म्हणाली. लोक हसले आणि फोडींवर तुटून पडले.

सगळे गेल्यावर बाबांनी पेटीतला सगळ्यात मोठा आंबा निवडला, बराच वेळ हातात दाबून मऊ केला आणि आईला दिला. आई तिथेच बसून चोखायला लागली. रस कोपरापर्यंत ओघळला, तरी ती थांबेना. बाठासुद्धा पांढरा केला तिने. मग बाबांपुढे हात केला.

‘अहो, रुमाल द्या तुमचा. त्याला सवय आहे.’