वाचून फाडायची नक्कल

कोपरा कापलेलं कार्ड पोस्टमननं माझ्या हातात दिलं आणि सायकल वळवली, तेव्हाच कळलं की कुणीतरी गेलं. आमच्याकडं असं पत्र उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचून तिथंच फाडायचं आणि डोक्यावरून अंघोळ करायची, ही रीत. पत्र बेंबळीहून आलं होतं, मुनीर सरांच्या मुलाचं. ‘अब्बा शुक्रवारी पहाटे नमाजानंतर शांतपणे गेले. तुम्हाला कळवायला अम्मीनं सांगितलं.’ त्यांच्यात काही कार्डाचा कोपरा कापत नाहीत. पोरानं तो माझ्यासाठीच कापला असणार. मी फाडायला हात लावला, तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, “आपल्या नात्यातलं न्हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की. ना सुतक, ना अंगूळ.” रीतीला धरूनच बोलल्या त्या. फाडायचं टळलं म्हणून मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! कार्ड आत आणून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. आता काही आठवडे झाले... येता-जाता काढते, वाचते, परत ठेवते.

सर आणि मी धाराशिवच्या एकाच शाळेत. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. स्वतः ते हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. निजामाचं राज्य गेलं, पुढं आपण मुंबई राज्यात आलो आणि बघता बघता शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली. सरांची बोलायची मराठी फर्डी, अस्सल बेंबळीची, पण पुस्तकी शब्द समोर आला की गाडी अडायची. मग मधल्या सुट्टीत माझ्याकडं यायचे. “बाई, ह्याला तुमच्या मराठीत काय म्हणायचं?” मी ऐटीत एखादा भारदस्त शब्द काढून द्यायची आणि सर तो तोंडात घोळवून, कडू गोळी लागावी तसं तोंड करून परत जायचे. मला राग यायचा. मागायला येता आणि वर नावं ठेवता!

साठ सालानंतरची गोष्ट. हैदराबादचा त्यांचा एक मित्र विज्ञानाची मासिकं पाठवायचा. त्यातल्या एकात मेसेंजर आरएनएबद्दल वाचून सर नुसते हरखून गेले होते. अभ्यासक्रमात नसलं तरी मॅट्रिकच्या पोरांना सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं. मी ‘संदेशवाहक’ हा शब्द दिला. “लई लांब, बाई. फळ्यावर लिहून होईस्तोवर घंटा होईल.” त्यांनी आपले कचेरीतले शब्द घेतले. पेशीच्या गाभ्यात डीएनए असतं, ते अस्सल, म्हणजे मूळ कागद. ते दफ्तराबाहेर कधी जात नाही. बाहेर जाते ती त्याची नक्कल, म्हणजे आरएनए. ती वाचून पेशी आपला माल तयार करते. छान जमलं होतं, पण त्यांनी वर्गात विचारलं, “नक्कल म्हणजे काय, कोण सांगतं?” मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या उठला आणि चष्मा नाकावर घसरल्यासारखं करून, खाकरून, त्यानं थेट हेडमास्तरांची नक्कल केली. नेमके हेडमास्तर व्हरांड्यात! मधल्या सुट्टीत सरांकडून हे ऐकून मी म्हटलं, “भोगा आता. घ्यायचा होता ना माझा शब्द!” सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. “पोरगं चुकलं कुठं, बाई? हेडमास्तर दिसले तशी त्याची नक्कल गप बसली. पेशीतली नक्कलही वाचून झाली की गप बसते!”

पेशीतली नक्कल ‘गप बसते’ म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. उमरग्याला माझ्या थोरल्या भावाचा दवाखाना होता. दादा एकाएकी गेला. तो गेल्याचं कोपरा कापलेलं कार्ड आलं, ते मी फाडलं नाही. पर्समध्ये ठेवलं आणि रोज वाचत राहिले. वर्गात कविता शिकवताना मधेच थांबायची, घरी भाकरी तव्यावर करपायची. लोक म्हणायचे, बाई, सावरा. सावरा म्हणायला काय जातंय! एकदा शिक्षकांच्या खोलीत कार्ड हातात घेऊन बसले होते, तर सर समोर येऊन बसले. समजूत घालतील असं वाटलं. त्यांनी धडाच सुरू केला.

“बाई, त्या नकलेचं पुढं काय होतं, ते तुम्ही विचारलंच न्हाय. पेशी ती वाचते, काम करून घेते आणि मग फाडून टाकते. बारीक तुकडे. न्हाय फाडली, तर तोच हुकूम पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि पेशी तेच ते बनवत बसते... दुसरं काही करायला तिला सवडच ऱ्हात न्हाय. आणि तुकडे वाया जात न्हाईत बरं का. त्यातनंच नव्या नकला लिहितात.”

“म्हणजे फाडू म्हणता?” मी जरा चिडूनच विचारलं.

“मी कोण सांगणार? पेशी काय करते ते सांगितलं.” मग फार हळू म्हणाले, “अस्सल आत असतं, बाई. त्याला कुणी हात लावत न्हाय.”

मी त्या दिवशी घरी येऊन दाराबाहेर दादाचं कार्ड फाडलं. खूप रडले. दुसऱ्या दिवशी वर्गात कविता शेवटपर्यंत शिकवली. सर दारावरून गेले, त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही. पण मधल्या सुट्टीत नेहमीसारखे आले, “ह्याला तुमच्या मराठीत काय म्हणायचं?” म्हणत. मी एक भारदस्त शब्द दिला. त्यांनी कडू तोंड केलं.

तास संपला की सर फळा स्वतः पुसायचे, पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. ते रिटायर होऊन बेंबळीला गेले आणि ती सवय मला कधी लागली, कळलंही नाही. मीही आता फळा पुसल्याशिवाय वर्गाबाहेर पडत नाही.

काल रात्री हे सगळं लिहायला बसले, लिहून झालं तेव्हा सकाळची उन्हं दारात आली होती. देवळीतून कार्ड काढलं, उंबऱ्याबाहेर उभी राहिले, शेवटचं वाचलं आणि फाडलं. बारीक तुकडे केले. मग न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

ओले केस घेऊन बाहेर आले, तर सासूबाई बघतच राहिल्या. “आता गं कुणाचं सुतक?”

“भावाचं,” मी म्हटलं.

“भाऊ तर तुजा कवाच गेला की.”

“दुसरा होता, आत्या.”